पहिली-दुसरीतच मागे पडणारी मुलं : शाळेला बाहेरून नेमकी काय मदत करावी?

मागचा बाक

नमस्कार मंडळी.

आम्ही एकाच प्राथमिक शाळेचे दहा-बारा माजी विद्यार्थी. दरवर्षी वर्गणी काढून शाळेला काहीतरी देतो. कधी पंखे, कधी कपाट, कधी भिंतींना रंग. यंदा मुख्याध्यापिकांना विचारायला गेलो तर त्या म्हणाल्या, "वस्तू पुष्कळ झाल्या. दुसरीच्या वर्गात आठ-नऊ मुलं अशी आहेत की आत्ता हात दिला नाही तर चौथीपर्यंत ती पार मागे पडतील. वर्गशिक्षिका एकटी आहे, पट पस्तीसचा. यांच्यासाठी काही करता येतंय का बघा."

ऐकायला सोपं वाटलं. पण आमच्या बैठकीत जितकी डोकी तितकी मतं निघाली. एकाला टॅब द्यायचेत. त्यातलं ॲप म्हणे मुलाची पातळी आपोआप ओळखतं. काहींचं म्हणणं, शाळा सुटल्यावर आपणच आळीपाळीने तास घेऊ. आमच्यातले दोघं-तिघं निवृत्त आहेत, वेळ आहे. तिसरं मत असं की आधी तज्ज्ञांकडून सगळ्यांची चाचणी करून अध्ययन अक्षमता (डिस्लेक्सियासारखी शिकण्यातली अडचण) कुणाला आहे ते शोधावं, मग पुढचं पुढे. आणि आमचे एक जुने सर, ज्यांच्या शब्दाला गटात वजन आहे, ते म्हणतात की मुलं आपापल्या वेगाने शिकतात, सात वर्षांच्या पोरामागे हात धुऊन लागू नका, येईल हळूहळू.

मी हिशेबनीस माणूस, शिकवण्यातलं मला ओ की ठो कळत नाही. शाळेत मागच्या बाकावर असायचो, म्हणून या विषयाची ओढ, एवढंच. थांबावं का? नसेल थांबायचं तर सुरुवात कुठून करावी? आणि बाहेरच्या माणसांनी यात कितपत शिरावं? प्रत्यक्ष वर्गात काम केलेल्यांनी सांगितलं तर बरं. ॲपच्या जाहिराती कृपया नकोत.

खडूची भुकटी

टॅब नकोत. एवढं आधी सांगून टाकते, बाकीचं सवडीने.

माझी सगळी नोकरी पहिली-दुसरीवर झाली. वरचे वर्ग मागून घ्यायची अनेकांची धडपड असते, मला खालचे आवडायचे. आता नव्या शिक्षिकांच्या वर्गात मागे बसते आणि तास संपल्यावर त्यांच्याशी बोलते. खालचं सगळं तिथून आलेलं आहे.

तुमच्या सरांचं म्हणणं अर्धं खरं आहे. चालणं-बोलणं मूल आपसूक शिकतं, त्यात काही महिने मागेपुढे झाले तर बिघडत नाही. वाचन आपसूक येत नाही, ते शिकवावंच लागतं. आणि शिकवलेलं ज्याच्या डोक्यावरून गेलं त्याच्यासाठी वर्ग थांबत नाही. कॉनी ज्युएल या संशोधक बाईंनी १९८८ मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध केला. ५४ मुलांना त्यांनी पहिलीपासून चौथीपर्यंत पाहिलं होतं. पहिलीच्या शेवटी जे मूल वाचनात कच्चं, ते चौथीच्या शेवटीही कच्चंच असण्याची शक्यता ०.८८ निघाली. अभ्यास छोटा, मुलं इंग्रजी वाचणारी, हे मान्य. पण असं का होतं ते कीथ स्टॅनोविच यांनी १९८६ मध्येच मांडलं होतं आणि त्यात भाषेचा संबंध फारसा येत नाही. ज्याला वाचता येतं तो वाचत राहतो, वाचून शब्द वाढतात, शब्द वाढले की पुढचं वाचणं सोपं जातं. ज्याला जमत नाही तो टाळतो. तिसरीनंतर गणितातली शाब्दिक उदाहरणंसुद्धा वाचूनच समजून घ्यायची असतात, त्यामुळे एका विषयातलं मागे पडणं चार विषयांत दिसायला लागतं.

आता थोडं सरांच्या बाजूने. आपल्या लिपीत चिन्हं पुष्कळ. सोनाली नाग यांनी कन्नड वाचणाऱ्या मुलांवर केलेल्या, २००७ मध्ये आलेल्या अभ्यासात दिसलं की अशा लिपीतली अक्षरं पक्की व्हायला इंग्रजीच्या अक्षरांपेक्षा बराच जास्त काळ लागतो, चौथीतही ते शिकणं चालूच असतं. देवनागरीची घडण त्याच जातीची. म्हणून दुसरीतलं मूल 'स्वच्छ' किंवा 'प्रश्न' वाचताना अडखळलं तर लगेच धावपळ करू नये. 'पाणी', 'कमळ', 'विहीर' अशा शब्दांना अडत असेल तर मात्र एक दिवसही वाट बघू नये.

ओळखायचं कसं? ॲप लागत नाही, एक स्टूल लागतं. मुलाच्या शेजारी बसायचं आणि त्याने आधी न पाहिलेला परिच्छेद त्याच्याकडून वाचून घ्यायचा. "न पाहिलेला" हे फार महत्त्वाचं. गेल्या वर्षी एका वर्गात एक मुलगा पुस्तकातला धडा खणखणीत वाचत होता, आवाजात चढ-उतारही होते. बोट मात्र दोन ओळी वर फिरत होतं. मी मधल्याच एका शब्दावर बोट ठेवलं, "हा काय आहे?" म्हटलं. त्याने धड्याची पहिली ओळ मनातल्या मनात सुरू केली, ओठ हलत होते, त्या शब्दापर्यंत पोचून मग उत्तर दिलं. धडा तोंडपाठ होता. बाईंच्या नोंदीत हा मुलगा "वाचन चांगले" या रकान्यात. अशी मुलं हुशार असतात बरं, म्हणूनच ती लपतात. दुसरा प्रकार सुंदर वह्यांचा. फळ्यावरचं मोत्यासारखं उतरवून घेतात, शाळा तपासायला कुणी आलं की ह्याच वह्या वर ठेवल्या जातात. आणि स्वतःच्या वहीतलं वाक्य वाच म्हटलं की गप्प.

नोंद करायची पद्धत मेरी क्ले या न्यूझीलंडच्या बाईंनी घालून दिलेली आहे, ती सोपी आहे. मूल वाचत असताना बरोबर शब्दाला कागदावर बारीक खूण करायची, चुकला तर काय म्हणालं ते वर लिहायचं. शंभर शब्दांत ९५ किंवा जास्त बरोबर आले तर मजकूर त्याला सोपा, ९० ते ९४ म्हणजे शिकवायला योग्य, ९० च्या खाली गेला तर तो मजकूर त्याच्यासाठी जड. चूक कोणती ते जास्त कामाचं असतं. एक मूल 'कि' आणि 'की' यांत गोंधळतं, दुसरं पहिलं अक्षर बघून उरलेला शब्द अंदाजाने ठोकतं. दोघांनाही "वाचन कच्चे" लिहिलं तर दोघांनाही एकच औषध दिलं जातं आणि एकालाही लागू पडत नाही.

वाचनाला हात लावायच्या आधी तीन गोष्टी बघा. डोळे, कान, हजेरी. कानाकडे फार दुर्लक्ष होतं. सहा-सात वर्षांपर्यंतच्या मुलांत सर्दीनंतर कानाच्या पडद्यामागे पाणी साठून काही आठवडे कमी ऐकू येणं अगदी सर्रास असतं. दुखत नाही, म्हणून कुणाला कळत नाही. एका मुलीबद्दल "लक्ष नसते, तंद्रीत असते" अशी तक्रार होती. बाई फळ्याकडे तोंड करून बोलल्या की तिचं लक्ष नसायचं, तिच्याकडे तोंड करून बोलल्या की असायचं. हे मागे बसलेल्याला दिसतं, फळ्यापाशी उभ्या असलेल्याला कसं दिसणार?

आणि हजेरी. दर महिन्याला दोन दिवस दांडी म्हटलं तर कुणाला काही वाटत नाही. पण दोनशे दिवसांच्या वर्षात वीस दिवस बुडाले की ते दहा टक्के झाले, आणि सतत गैरहजर मूल म्हणायची रेघ पुष्कळ ठिकाणी तिथेच ओढतात. हजेरीपटात रोजच्या हजर-गैरहजरच्या खुणा असतात, पण एकेका मुलाची आडवी बेरीज वेळेवर कोण करतं? तुम्ही हिशेबनीस ना? हे काम तुमचं. दर महिन्याला बाईंबरोबर बसून दहा टक्क्यांच्या वर गेलेली नावं काढून द्यायची, बस.

आता मुख्य प्रश्न, मदत कुणी करायची. जगभर यासाठी तीन पायऱ्यांची रचना वापरतात. पहिली, सगळ्या वर्गाला नीट शिकवणं. दुसरी, जे मागे राहिले त्यांना लहान गटात, तीन ते पाच मुलं, आठवड्यातून तीन ते पाच वेळा, वीस ते चाळीस मिनिटं. तिसरी, त्यानेही न हललेल्यांना एकेकट्याने आणि रोज. कागदावर छान दिसतं. पण २०१५ मध्ये अमेरिकेच्या शिक्षण खात्याने १३ राज्यांतल्या १४६ शाळांमधून ही रचना तपासली तेव्हा पहिलीच्या मुलांत उलटंच दिसलं. सुरुवातीच्या चाचणीत ठरवलेल्या गुणांच्या रेषेच्या जरासं खाली म्हणून ज्यांना जादा मदतीला काढलं, ती मुलं रेषेच्या जरासं वर राहून मदत न मिळालेल्यांपेक्षा मागे पडली. का, यावर वाद आहेत. पण त्यांतल्या बऱ्याच शाळांत ही जादा मदत वाचनाच्या नेहमीच्या तासातच दिली जात होती. मुळात जेवण कमी, त्यात औषध द्यायला पंगतीवरून उठवलं, असा तो प्रकार.

म्हणून भाषेच्या तासाला त्या मुलांना वर्गाबाहेर काढू नका. खेळाचा आणि चित्रकलेचा तासही कापू नका, कारण दिवसभरात ह्या मुलांना "शाब्बास" मिळायची तेवढीच जागा असते. शाळा सुटल्यावरही नको, ती दमलेली असतात, शिवाय ज्यांना सर्वांत गरज तीच थांबत नाहीत.

मग कधी? आणि इथेच तुमची गरज आहे. तुम्ही पाच मुलांना शिकवायला जाऊ नका. तुम्ही तीस मुलं सांभाळा, पाच मुलं बाई शिकवतील. परिपाठानंतरची पंचवीस मिनिटं शाळेने ठरवून द्यावीत. तेवढ्या वेळात तुमच्यातल्या दोघांनी उरलेल्या वर्गाला गोष्टीचं पुस्तक मोठ्याने वाचून दाखवावं, प्रश्न विचारावेत, जोडीने वाचायला बसवावं. बाईंनी कोपऱ्यात चटई टाकून त्या पाचांना घ्यावं. सर्वांत अवघड मुलं सर्वांत अनुभवी माणसाकडे हवीत. आपण नेमकं उलट करतो, अवघड मुलं हौशी माणसाच्या हवाली करतो. २०२० मध्ये निकोव्ह, ओरिओपोलस आणि क्वान यांनी ९६ प्रयोग एकत्र करून पाहिले, त्यात शिक्षकांनी किंवा प्रशिक्षित सहायकांनी घेतलेल्या शिकवणीचा परिणाम हौशी स्वयंसेवकांच्या आणि पालकांच्या शिकवणीपेक्षा सरासरीने जास्त दिसला. खालच्या वर्गांत जास्त, आणि शाळेच्या वेळेत घेतली तर शाळेनंतरच्यापेक्षा जास्त. तुमच्या निवृत्त मंडळींना वाईट वाटू देऊ नका, तीस पोरांना पंचवीस मिनिटं गोष्टीत धरून ठेवणं हेही येरागबाळ्याचं काम नाही.

सहावी तासिका

भुकटीबाई, नमस्कार. मी सध्या तिसरीला शिकवतोय. तुमचं पटलं, तरी दोन-तीन गोष्टी बोलल्याशिवाय राहवत नाही.

आमच्याकडेही एक संस्था मागे मदतीला आली होती. माणसं भली. पण मदतीआधी प्रत्येक मुलाचा चार पानी फॉर्म, दर आठवड्याला फोटो, महिन्याला अहवाल. चटईवरच्या पाच मुलांना द्यायचा वेळ मी त्यांचे रकाने भरण्यात घालवला. वर्षअखेरीस त्यांचा निधी संपला, ते गेले, फॉर्म कपाटात आहेत. तेव्हा मागचा बाक, तुम्हाला विनंती, तुमच्या देणगीदारांसाठी जे काही लिहायचं ते तुम्ही लिहा. बाईंकडून एक पान पुरे. मुलाचं नाव, आज काय येतं, पुढे काय घ्यायचं, पुन्हा कधी बघायचं.

दुसरं, स्वयंसेवक वर्ग सांभाळणार म्हणजे काय? बाई त्याच खोलीत असल्या पाहिजेत. बाहेरचा माणूस मुलांबरोबर एकटा, दार लोटलेलं, असं कधीही होता कामा नये. शाळेने त्याची ओळख, पत्ता, कागद सगळं आधी घ्यावं. यात कुणी राग मानू नये. जो मानेल त्याला घेऊ नये.

तिसरं गटाबद्दल. वर्गात "अ गट, ब गट" म्हटलं तरी आठवडाभरात पोरांना कळतं की ब म्हणजे ढ. मी चटईवर रोज एखादं चांगलं वाचणारं मूलही बोलावतो, कधी जोडीला, कधी नुसतं ऐकायला. चटईवर जाणं हा मान झाला पाहिजे. सध्या तर न बोलावलेली तक्रार करतात, "सर, माझा नंबर कधी?" शिवाय गट गोठू देत नाही. ज्याचं जमलं तो बाहेर, नवा आत. वर्षभर तीच पाच नावं दिसली तर मी आधी माझंच शिकवणं तपासतो.

बाकी "उपचारात्मक अध्यापन" या नावाखाली पुष्कळदा तोच धडा तसाच जरा मोठ्या आवाजात पुन्हा शिकवला जातो, हेही इथे नोंदवून ठेवतो.

लेकराची आई

मी शिक्षिका नाही. माझा मुलगा दुसरीत असा मागे होता, आता पाचवीत आहे. पालकांच्या बाजूचं कुणी लिहिलं नाही म्हणून लिहिते.

आम्हाला कळलं ते पालकसभेत, सगळ्यांसमोर. "याचा अभ्यास घ्या हो घरी." म्हणजे काय घ्या? मी संध्याकाळी त्याला घेऊन बसायचे, तासाभराने तो रडायचा आणि मी ओरडायचे. दोघांनाही पुस्तकाचा राग यायला लागला. पुढच्या वर्षी दुसऱ्या बाई आल्या. त्यांनी मला एकटीला बोलावलं आणि सुरुवात त्याला काय येतं तिथून केली. "याला गोष्ट ऐकून बरोबर क्रमाने सांगता येते, शब्द भरपूर आहेत. फक्त उकार आणि मात्रा पक्क्या नाहीत. त्या मी घेते. तुम्ही शिकवू नका. रोज रात्री मी देईन ते अर्धं पान तो तुम्हाला वाचून दाखवेल. अडला तर तीन मोजा, मग शब्द सांगून टाका. दहा मिनिटं झाली की बंद." एवढंच. मला काय करायचं ते जितकं कळलं, त्याहून काय करायचं नाही ते कळल्याने घरात शांतता आली.

दुसरं सांगायचं म्हणजे गणित. सगळे वाचनाचं बोलतायत. माझा मुलगा आठ अधिक पाच करताना एकपासून आठ बोटं मोजायचा, मग पाच, मग पुन्हा सगळी एकपासून. उत्तर तेरा बरोबर यायचं, म्हणून वहीत बरोबरची खूण. आठ मनात धरून पुढे नऊ, दहा असं मोजायचं असतं हे त्याला उमगलंच नव्हतं. हातच्याची वजाबाकी आली तेव्हा सगळं कोसळलं. उत्तराबरोबर ते कसं काढलं हेही कुणीतरी विचारायला हवं होतं.

मागचा बाक

सगळ्यांचे मनापासून आभार. टॅबवाल्या मित्राला धागा पाठवला, तो जरा रुसलाय, पण वाचतोय.

आणखी दोन-तीन शंका. एक, चटईवरची मदत चालू केल्यावर ती लागू पडतेय की नाही हे कधी ठरवायचं? वर्षअखेरीस? दोन, अध्ययन अक्षमतेच्या चाचणीचं काय? आमच्यातल्या एकाची भाची "ब" उलटा काढते, त्यामुळे तो या मुद्द्यावर ठाम आहे. तीन, पैसे आहेत ते कशावर खर्च करावेत? हजेरीच्या बेरजा मी करतोच, ते तर आवडीचं काम.

खडूची भुकटी

वर्षअखेरीस कळून काय उपयोग? मी साधारण आठ आठवडे धरते. मधे दर पंधरा दिवसांनी नवा परिच्छेद, एक मिनिट, त्याच खुणा. आकडा थोडा वर-खाली होतोच, एका वेळच्या घसरणीने हातपाय गाळायचे नाहीत. पण आठ आठवड्यांत रेघ आडवीच राहिली तर काहीतरी बदलायचं. आणि बदल म्हणजे नवं पुस्तक आणणं नव्हे. आधी बघायचं की ठरलेले तास प्रत्यक्षात किती झाले. बैठका, स्पर्धा, स्नेहसंमेलनाचा सराव यांत निम्मे उडालेले असतात आणि आपण म्हणतो मदत लागू पडली नाही. तास पूर्ण झाले असतील तर गट पाचचा तीनचा करायचा, किंवा ते मूल एकटं घ्यायचं, किंवा एक पायरी मागे जायचं. शब्दांवर अडलंय असं वाटणारं मूल खरं तर अक्षरावर अडलेलं असतं, आणि अक्षरावर अडलेलं कधी कधी ध्वनीवर. "'कागद' मधला 'का' काढला तर काय उरेल?" हे पुस्तक न उघडता विचारा. ज्याला हे तोंडी जमत नाही त्याच्यापुढे बाराखडीचा तक्ता कितीही वेळा नाचवला तरी ती घोकंपट्टीच होते.

चाचणीबद्दल. सात वर्षांच्या आतबाहेरच्या मुलांनी अक्षर उलटं काढणं फार वेळा दिसतं, तेवढ्यावरून काही ठरत नाही. अध्ययन अक्षमता असतेच, ती नाकारणाऱ्यांतली मी नाही. चांगलं शिकवून, नियमित लहान गट घेऊनही जे मूल हलत नाही, त्याच्या पालकांशी बोलून त्याला तज्ज्ञांकडे जरूर पाठवावं, आणि जाताना ते खुणांचे कागद बरोबर द्यावेत, तज्ज्ञांना त्यांचा फार उपयोग होतो. घरात आई-वडिलांपैकी कुणाला वाचनाचा असाच त्रास झालेला असेल तर मी इतकंही थांबत नाही. पण तुमच्या गटाने सुरुवातीलाच सगळ्या वर्गाची चाचणी लावून दिली तर काय होईल सांगते. काही मुलांना शिक्का मिळेल, काहींना "तसं काही नाही" असा कागद मिळेल. शिक्का मिळालेल्यांबद्दल "ते आता तज्ज्ञांचं काम" म्हणून हात झटकले जातील, आणि कागदवाल्यांबद्दल "काही नाही म्हणे, आळशीच आहे" असं होईल. मदत दोघांचीही थांबेल. चटईवर बसायला प्रमाणपत्र लागत नाही, हे शाळेत सगळ्यांना स्पष्ट असू दे.

पैसे. आधी कान आणि डोळे तपासून घ्या, सगळ्या वर्गाचे, निवडक मुलांचे नकोत, म्हणजे कुणी वेगळं पडत नाही. चष्मा लागला तर तो करून द्या, आणि मूल तो वर्गात लावतंय का हे महिन्याने बघा, कारण तो दप्तरात राहतो. मग पुस्तकं. कपाटात कुलूपबंद राहणारी जाडजूड पुस्तकं नकोत. पातळ, पानाला दोन-तीन ओळी, मोठं अक्षर, एकेका पुस्तकाच्या सहा-सहा प्रती, म्हणजे गटात प्रत्येकाच्या हातात एक येईल. सोप्यापासून अवघडाकडे क्रम लावून खोक्यांत ठेवा. ती फाटणार, हरवणार, घरी जाऊन येणार नाहीत. जाऊ द्यात. पुढच्या वर्षी पुन्हा घ्या. उरलेच पैसे तर एका अर्धवेळ सहायिकेचं मानधन द्या, जिला बाई स्वतः तयार करतील. पण एक वर्षाचं देणार असाल तर नका देऊ. निदान दोन-तीन वर्षं टिकवता येईल एवढंच बोला. सहाव्या तासिकेच्या कपाटातले फॉर्म आठवा.

आई, तुमचं गणिताचं अगदी बरोबर. हाच चटईचा वेळ आठवड्यातून दोनदा गणिताला द्यावा आणि "कसं काढलंस ते सांग" एवढाच प्रश्न विचारावा. पहिल्या आठवड्यात उत्तरं ऐकून बाई चक्रावतील.

सहावी तासिका

एक भर. मदतीला येणाऱ्यांची वेळ कागदावर ठरवा आणि बदली माणूस ठेवा. एखाद्या दिवशी कुणी आलंच नाही की बाईंची चटई गुंडाळली जाते. असं दोन-चारदा झालं की ती पुन्हा उलगडत नाही.

मागचा बाक

ठरलं. टॅब रद्द, मित्र पुस्तकांच्या प्रतींवर आलाय. कान-डोळ्यांचं एका मैत्रिणीने अंगावर घेतलंय. निवृत्त तिघांची नावं आणि एक बदली, असं वेळापत्रक मी बनवतोय. दोन-तीन वर्षांच्या टप्प्याचं गटात मांडलं, त्यावर अजून खल चालू आहे. मुख्याध्यापिकांना भेटायची वेळ घेतली आहे.

खडूची भुकटी

त्या भेटीत दुसरीच्या बाईंनाही बसवा. त्यांना न विचारता हे वरून ठरून आलं तर त्या मान डोलावतील आणि चटई कोपऱ्यात उभी राहील. वेळ कोणती सोयीची, आधी कोणती पाच मुलं, हे त्यांनाच सांगू द्या. वेळापत्रक त्यानंतर बनवा.